आई, माझ्या वेळी तुझा बीपी वाढला होता का?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज कापरा झाला की मी "सगळं छान आहे" म्हणून मोकळी होते. म्हणून आज लिहितेय.

मला तिसावा आठवडा लागला. बाळ भरपूर हलतंय. रात्री डाव्या कुशीवर वळले की थोड्याच वेळात बरगडीखाली ढुशी बसते.

मागच्या आठवड्यात दोन दिवस डोकं ठणकत होतं. एरवी बाम चोळून पडून राहिले असते. पण फाइलच्या पहिल्याच पानावर सिस्टरांनी लाल पेनानं लिहून दिलंय : डोकेदुखी थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज आली, तर त्याच दिवशी यायचं. गेले. बीपी 142/90. लघवीत प्रोटीन नव्हतं आणि काही तासांनी बीपी 134/84 वर आला, म्हणून घरी सोडलं. आता सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसते, हात टेबलावर ठेवते, बीपी मोजते आणि वहीत लिहिते. 140/90 किंवा वर गेला की लगेच फोन करायचा.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आईला गरोदरपणात बीपीचा त्रास होता?" हाच प्रश्न पहिल्या तपासणीतही होता आणि मी "नाही" म्हटलं होतं. खरं तर मला माहीतच नव्हतं. आईला हा त्रास झाला असेल तर मुलीलाही होण्याची शक्यता वाढते. त्यातून मी पहिलटकरीण. अशा वेळी हा धोका कमी व्हावा म्हणून बाराव्या आठवड्यानंतर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. ती वेळ निघून गेली, याची मला फार रुखरुख लागलीय.

बाबा, तुमच्या साखरेचं मात्र मी सांगितलं होतं. त्यामुळे माझी साखर सुरुवातीलाच तपासली आणि 26व्या आठवड्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा. दोन्ही वेळा ठीक आली.

आई, दोन जिवांचं खात नाही म्हणून रागावू नकोस. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागतच नाही, आता लागतं ते खाते. लोहाची गोळी मी चहाबरोबर घ्यायचे, ते बंद केलं. चहानं लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमची गोळीही तिच्यापासून लांब ठेवायची असते. हे मला कोण सांगणार होतं? सिस्टरांनी सांगितलं.

मावशी एकदा बोलून गेली होती की माझ्या वेळी तुला शेवटचा महिना दवाखान्यात काढावा लागला. तू नेहमी "अशक्तपणा होता" एवढंच म्हणतेस. मी घाबरेन म्हणून लपवलं असशील तर आता सांग. पाय सुजले होते? दिवस भरायच्या आधी झाले का मी? किती वजनाची होते? आठवेल तेवढं लिही, तुटक असलं तरी चालेल.

बाबा, आईची तेव्हाची फाइल कुठे जपून ठेवली असेल तर पानांचे फोटो काढून पाठवा. गुरुवारी माझी तपासणी आहे, त्याआधी मिळाले तर बरं.

तुमची,
लेक