नाकारलेला एक पौंड, स्वीकारलेले दहा हजार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'श्रीमंत माणूस समाजाचे काहीही देणे लागत नाही' असे एखाद्या कादंबरीतले पात्र ठासून बोलले, की पुस्तक-परीक्षणांत लगेच लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. बचाव करणारेही ठरलेलेच बोलतात : ते पात्राचे मत, लेखकाचे नव्हे. हा बचाव लंगडा आहे. मत कुणाचे, यापेक्षा त्या मताची कथेत कसोटी लागते का, हा खरा प्रश्न आहे.

बर्नार्ड शॉ यांचे 'मेजर बार्बरा' (१९०५) हे नाटक पाहा. तोफांचा कारखानदार अंडरशाफ्ट दारिद्र्यालाच सर्वांत मोठा गुन्हा ठरवतो, आणि प्रस्तावनेत शॉ स्वतः त्याला दुजोरा देतात. तरीही नाटक प्रचारकी होत नाही, कारण त्या विचाराला तिथे टक्कर द्यावी लागते. मुक्तिफौजेच्या (साल्वेशन आर्मी, गरिबांत काम करणारी ख्रिस्ती संस्था) निवाऱ्यात एक गुंड तिथल्या मुलीला ठोसा मारतो आणि भरपाई म्हणून एक पौंड पुढे करतो. या फौजेत मेजर असलेली बार्बरा तो नाकारते. तिचे वडील, म्हणजे अंडरशाफ्टच, त्यात नव्व्याण्णव घालून शंभर करायला तयार होतात, तरी नकारच. थोड्याच वेळात तीच संस्था एका मद्यसम्राटाचे पाच हजार आणि अंडरशाफ्टचे पाच हजार हसतमुखाने घेते. बार्बरा संस्थेचा आपला बिल्ला काढते. कोण चुकले, याचे उत्तर प्रेक्षकाला सहजासहजी सापडत नाही. (घेणाऱ्यांचीही बाजू शॉ मांडतात : सगळाच पैसा डागाळलेला, मग निवडायचा कुठला?)

याउलट अमेरिकी लेखिका आयन रँड यांच्या 'ॲटलस श्रग्ड' या कादंबरीत (१९५७) कर्तबगार उद्योजकच संप करतात. कल्पना धाडसी आहे आणि ती मांडायला कुणाची हरकत नसावी. माझा आक्षेप तिच्याभोवती रचलेल्या जगाला आहे. त्यात लहान मुले अपवादानेच दिसतात. अंथरुणाला खिळलेले, परावलंबी म्हातारे जवळजवळ नाहीतच. ज्यांच्यामुळे 'देणे लागतो का?' हा प्रश्न उभा राहतो, त्यांनाच वगळल्यावर उत्तर सोपे होणारच.

अशा कथांची दुसरी उणीव खुद्द दानाच्या चित्रणात असते. दाता धनादेश लिहितो आणि प्रकरण संपते. खरी गुंतागुंत त्याआधी आणि त्यानंतर असते. अमेरिकी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लिहिले की धनिकाने संपत्तीचा विश्वस्त म्हणून वागावे. त्यांच्या पैशातून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. अट साधारण अशी : जागा गावाची, आणि अनुदानाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने चालू खर्चासाठी द्यायची. पण १८९२ मध्ये होमस्टेडच्या त्यांच्याच पोलाद कारखान्यात वेतनकपातीवरून रक्तरंजित संघर्ष झाला. बारा-बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याला पुस्तकासाठी वेळ कधी मिळणार?

आजचे नियमही कथेला खाद्य पुरवणारे आहेत. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानाला दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे पाच टक्के खर्च करावेच लागतात, मात्र दानकार्यासाठीचा वाजवी कार्यालयीन खर्चही त्यात धरता येतो. दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधीत (पैसे संस्थेकडे जमा, कुणाला द्यायचे ते दाता सुचवतो) पैसे टाकले की करसवलत त्याच वर्षी मिळते. तिथून गरजूपर्यंत ते कधी पोहोचावेत, याची कायद्याने मुदतच घातलेली नाही. आणि २०१० मध्ये सुरू झालेली अब्जाधीशांची 'गिव्हिंग प्लेज', म्हणजे निम्म्याहून अधिक संपत्ती हयातीत किंवा मृत्युपत्राने देण्याची शपथ, पूर्णतः नैतिक आहे. ती मोडल्यास कोणतेही न्यायालय विचारणार नाही. पैसा कसा आला, किती दिला आणि दिल्यावर ताबा कोणाकडे राहिला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपली पुस्तक-परीक्षणे बहुधा मधल्यावरच थांबतात.

म्हणून विनंती अशी की, वादग्रस्त कादंबरीवर परीक्षण छापताना खटकलेले वाक्य एकटे उद्धृत करू नये. ते कुणाच्या तोंडी आहे, त्याला कथेत कोण उत्तर देते आणि त्या विचाराची किंमत कुठले पात्र मोजते, एवढे तरी सोबत द्यावे. ते पात्र कथेत नसेल, तर तेही नोंदवावे.

आपला,
एक नियमित वाचक