गप्पी टाकीत राहू द्या, ओढ्यात नको: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

जून हा आपल्याकडे हिवताप प्रतिरोध महिना आणि जुलै डेंग्यू प्रतिरोध महिना. भर पावसात आरोग्य सेवक आणि आशाताई घरोघरी फिरतात, पिंपे उघडून बघतात, फ्रीजमागचा ट्रे ओतायला लावतात, आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणजे कोरडा दिवस पाळा, म्हणून विनवतात. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी विनंती त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे. याच मोहिमेत डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून पिशव्या भरभरून गप्पी मासे तळ्यांत आणि ओढ्यांत सोडले जातात, ते थांबवा.

गप्पी मी घरी वर्षानुवर्षे पाळतो आहे. नर जेमतेम इंचभराचा, शेपटीवर केशरी-निळे ठिपके. मादी त्याच्याहून मोठी, फिकट. तिच्या पोटाच्या मागच्या बाजूचा काळसर डाग गडद होत गेला की पिल्ले जवळ आली म्हणून समजावे. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्ले देतो, आणि ती पहिल्या दिवसापासून स्वतःचे खाणे शोधतात. साधारण महिन्याने पुढची वीण. शिवाय मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे डोहात एकटी मादी पडली तरी पुढे तिथे गप्पींची वस्ती होऊ शकते. एकदा ती झाली की कितीही जाळी टाकली तरी मासे वेचून काढणे जवळपास अशक्य.

हा मासा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातला. डास नियंत्रणाच्या नावाखाली तो जगभर नेला गेला. हवाईच्या ज्या ओढ्यांत तो आणि त्याचे भाऊबंद पसरले, तिथे स्थानिक मासे कमी आणि पाण्यातला नायट्रोजन जास्त आढळला. 2016 साली ‘बायोलॉजी लेटर्स’ या शोधपत्रिकेत जीवशास्त्रज्ञांनी स्पष्ट लिहिले की डास नियंत्रणासाठी गप्पी खरोखर किती उपयोगी आहे याचा पुरावा तोकडा आहे आणि जैवविविधतेला असलेला धोका खरा आहे.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो पिंपात, टायरमध्ये, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत. ओढ्यात गप्पी सोडून या डासाला काहीही फरक पडत नाही. शहरात हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस स्टेफेन्सी डास टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. तिथे मासे जरूर वापरा, माझी हरकत नाही. गावाकडे हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस क्युलिसिफेसीस डास मात्र ओढ्याकाठच्या साचलेल्या पाण्यातही वाढतो, हे मी नाकारत नाही. पण त्या पाण्यात अळ्या खाणारे आपले मासे आधीपासून आहेत. ॲप्लोकायलस घ्या. डोक्यावर चमकणारा पांढरट ठिपका असलेला हा मासा पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो, आणि डासाच्या अळ्याही श्वासासाठी तिथेच येतात. मत्स्यपालन करणारी मंडळी त्याला पॅनचॅक्स म्हणतात. तो पाळून, वाढवून त्याच परिसरात वापरता येईल.

मला सर्वांत जास्त काळजी सह्याद्रीची वाटते. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, आणि घाटमाथ्याच्या पठारांवर पावसाळ्यात छोटी तळी भरतात. त्यांत बेडकांची पिल्ले असतात, चतुरांच्या अळ्या असतात. या चतुरांच्या अळ्या स्वतः डासांच्या अळ्या खातात, आणि त्याबद्दल आपण कोणाला एक रुपयाही देत नाही. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. तिथल्या पाण्यात परका मासा सोडण्याआधी निदान कोणीतरी विचारायला हवे.

विचारायला यंत्रणाही आहे. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमायच्या आहेत आणि राज्याचे जैवविविधता मंडळ नागपुरात आहे. आरोग्य विभागाने मंडळाशी बोलून एक साधे परिपत्रक काढावे. गप्पी फक्त बांधीव आणि ओढ्या-नाल्याशी न जोडलेल्या टाक्यांत, हौदांत व विहिरींत सोडावेत. जिथून पुराचे पाणी बाहेर वाहते तिथे नकोत. नैसर्गिक पाण्यात सोडायचेच असतील तर त्याच खोऱ्यातले मासे, तेही समितीला विचारून. आणि गप्पींची पैदास करणाऱ्या केंद्रांचे सांडपाणी नाल्यात जाते का, हे यंदाच्या पावसाआधी तपासावे.

जिल्ह्यांचे पुढचे नियोजन होण्याआधी हे परिपत्रक निघाले, तर पुढच्या जूनमध्ये आरोग्य सेवकांना तसे प्रशिक्षण देता येईल.

आपला नम्र,
एक मत्स्यपालक