बैठकीतल्या ड्रेसिनाविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला मी आणून ठेवलेल्या ड्रेसिनाची खालची दोन पाने पिवळी पडली आणि बाकीच्यांची टोके तपकिरी झाली, असे आई काल फोनवर म्हणाली, तेव्हापासून मन त्या कुंडीपाशीच घुटमळते आहे.

दोन पानांचे एवढे मनावर घेऊ नका. रोपवाटिकेतून घरात आलेले झाड नव्या उजेडाला सरावेपर्यंत खालची पाने सोडते. मात्र आई, तू तुळशीसारखे त्यालाही रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतेस, हे ऐकून काळजात चर्र झाले. हे मी निघण्यापूर्वीच सांगायला हवे होते. या झाडाची मुळे सतत ओल्या मातीत कुजतात. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. ओली माती बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी नको. कोरडी लागली, तर मात्र तळातून निथळेपर्यंत सावकाश घाला. बाबा, चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीला खाली भोक नाही, म्हणून पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने आतली काळी प्लॅस्टिकची कुंडी उचलून साचलेले पाणी ओतून द्यावे. मातीलगत खोड बोटाने दाबून पाहा. ते मऊ लागले, तर त्याच दिवशी मला कळवा. शेंड्याकडचा निरोगी भाग कापून नव्याने लावता येतो.

टोके करपण्यामागे मला पाण्याचाच संशय आहे. आरओ फिल्टर पाणी गाळताना जे नकोसे पाणी नळीतून बाहेर टाकतो, ते आई बादलीत साठवून झाडांना घालते. वाया जाऊ नये ही तिची कळकळ मला समजते, पण त्या पाण्यात क्षार आणि फ्लोराइड साध्या पाण्याहून अधिक असतात आणि ड्रेसिनाला फ्लोराइड अजिबात सोसत नाही. त्याला प्यायचे गाळलेले पाणीच द्यावे; ते लागतेही थोडे. सुपर फॉस्फेट या खतातही फ्लोराइड असते, म्हणून तेही घालू नये.

आफ्रिकेच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी ही जात आहे, त्यामुळे पडद्याआडचा उजेड तिला मानवतो, दुपारचे ऊन पाने भाजून काढते. नाशिकला पारा दहाच्या खाली गेला, की रात्री कुंडी खिडकीपासून दूर घ्यावी. शेजारची मनी गॅलरीतून आत येते, तिला पाने चावू देऊ नका. मांजरांना ती विषारी आहेत.

आणखी एक. खोडाच्या कापलेल्या टोकावर मेणाचा थर आहे, तो घाण समजून खरवडू नका. कापलेली जागा वाळू नये म्हणून रोपवाटिकेतच तो लावतात. करपलेली टोके मी दिवाळीला आले की कापीन.

तुमची लाडकी लेक