मतदानाचा टक्का कळला, मधल्या पाच वर्षांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च महिना आला की जगातले सुखी देश कोणते याची यादी पेपरात येते. फिनलंड पहिला (2018 पासून तोच), आपण शंभराच्या पलीकडे, 2025 च्या यादीत 147 देशांत 118 वे, मग दोन दिवस व्हॉट्सॲपवर जोक्स आणि पाकिस्तान आपल्या पुढे कसा यावर भांडणं. लोकशाहीच्या इंडेक्सचंही तेच, त्यात 2014 ला आपण 27 वे होतो आणि 2020 ला 53 वे, त्यावर एक जण म्हणतो बघा काय झालं देशाचं आणि दुसरा म्हणतो गोऱ्यांचं कारस्थान आहे. दोघांपैकी कोणीही यादी बनते कशी ते वाचलेलं नसतं, आणि मुख्य म्हणजे यातलं एक अक्षरही मी राहतो त्या भांडुपबद्दल काही सांगत नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय.

सुखाच्या यादीत एकच मुख्य प्रश्न असतो. एक शिडी समजा, शून्य पायरी म्हणजे तुमच्यासाठी वाईटात वाईट आयुष्य, दहावी म्हणजे चांगल्यात चांगलं, आत्ता तुम्ही कुठे उभे आहात? बहुतेक देशांत वर्षाला हजारेक लोकांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात, बस्स. मला हा प्रश्न आवडतो खरंतर, कारण उत्तर साधा माणूस देतो, कोणी एक्स्पर्ट नाही. पण अख्ख्या देशाची एक सरासरी काढल्यावर त्यात मलबार हिल आणि मानखुर्द एकाच पायरीवर येऊन बसतात त्याचं काय करायचं?

लोकशाहीच्या इंडेक्समध्ये 60 प्रश्न असतात आणि त्यांचे पाच गट, म्हणजे निवडणुका, सरकारचा कारभार, लोकांचा सहभाग, राजकीय संस्कृती आणि नागरी स्वातंत्र्य. बरीचशी उत्तरं तज्ज्ञ लोक देतात, तीही देशपातळीवर. आता आपल्या मुंबईचं बघा. महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं 227 पैकी एकही नगरसेवक नाही, आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे स्थायी समितीही तेच आणि सभागृहही तेच, आणि 2025-26 चं बजेट होतं 74,427 कोटींचं, कित्येक राज्यांना हेवा वाटेल एवढं. प्रश्न विचारायला समोर कोणी निवडून आलेला माणूसच नाही. पण लोकसभा आणि विधानसभा 2024 मध्ये रीतसर झाल्या ना, मग देशाच्या मार्कांत या चार वर्षांचा खड्डा दिसणार कुठे? सव्वा कोटीच्या शहराची लोकशाही रजेवर होती आणि ते मोजणारी एक ओळसुद्धा कुठल्या यादीत नाही, हे मला त्या 27 आणि 53 पेक्षा जास्त गंभीर वाटतं.

मग आपण काय मोजतो तर मतदानाचा टक्का. पालिकेला 2017 मध्ये 55, 2026 मध्ये 53 च्या आसपास, झाली चर्चा. 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात 45 टक्केही झालं नाही आणि गडचिरोली जिल्हा सत्तरच्या पुढे गेला, त्यावर "शिकलेले लोक मत देत नाहीत" असा लेख ठरलेलाच. माझं आपलं मत असं आहे की टॉवरमधल्या माणसाचं काम फोनवर होतं म्हणून त्याला लाईनीत उभं राहायची गरज वाटत नाही, आणि ज्याचं फोनवर होत नाही तो मत देतो कारण त्याच्या हातात तेवढंच आहे. दोन्ही टक्के खरे पण त्यातून लोकशाहीची तब्येत कळत नाही. मुलगा परीक्षेच्या दिवशी हजर होता एवढंच प्रगतिपुस्तकात लिहून वर्षभराचं काहीच लिहिलं नाही तर पालक जसे भडकतील तसं भडकायला हवं आपण.

शहरांची यादी पण झाली होती म्हणा. केंद्र सरकारने 111 शहरांचा राहण्यायोग्य शहर म्हणून इंडेक्स काढला, 2018 ला बृहन्मुंबई तिसरी आणि 2020 च्या यादीत मोठ्या शहरांत दहावी. दोन वर्षांत मुंबई एवढी बिघडली का? मोजायची पद्धतच बदलली होती, त्यात लोकांना काय वाटतं याला 30 टक्के वजन दिलं होतं. हे चांगलंच केलं. पण शहराला एकच नंबर, वॉर्डाला काही नाही.

आता मी म्हणतो ते मोजा. एकच प्रश्न विचारायची परवानगी मिळाली तर मी हा विचारेन: वॉर्ड ऑफिसात काम पडलं तर आधी कोणाला फोन करता? कोणालाच नाही, सरळ जातो, असं सांगणारे ज्या वॉर्डात जास्त, तिथली लोकशाही ठणठणीत. आणि "आमचा एक ओळखीचा आहे" किंवा "शाखेत सांगतो" असं सांगणारे जिथे जास्त तिथे माणसाला हक्काने मिळायची गोष्ट मेहेरबानीने मिळते आहे असं समजा, मग मतदान 80 टक्के का होईना.

दुसरं, तक्रारी. आपल्याकडे आकडा येतो की इतक्या आल्या आणि इतक्या निकाली काढल्या. निकाली कोणी ठरवलं? आमच्या बिल्डिंगसमोरच्या गटाराची तक्रार एका ॲपवर टाकली, तीन दिवसांत मेसेज आला की प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला, धन्यवाद, आणि गटार जसंच्या तसं, परत टाकली, परत सॉल्व्ह! कागदावर आमची गल्ली मुंबईतली सगळ्यात सुखी गल्ली असेल. म्हणून आकडा एकच हवा, तक्रार करणाऱ्याने स्वतः "हो झालं" म्हटलं अशा तक्रारी किती.

तिसरी गोष्ट सभा. गावाकडे ग्रामसभा वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात, तिथेही सह्या घरोघरी फिरतात वगैरे सगळं मान्य, पण निदान उठून सरपंचाला विचारायची जागा तरी आहे. शहरात क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्याने 2009 मध्ये कायद्यात केली, म्हणजे काही मतदान केंद्रं मिळून एक सभा आणि त्या भागाचा नगरसेवक समोर. तुमच्या वाचकांपैकी कोणी कधी बसलाय अशा सभेला? शहरांच्या पालिकांना घटनेत जागा देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षं होऊन गेली तरी मुंबईकराला आपला वॉर्ड समितीचा मेंबर माहीत नसतो. याच शहरात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या लोकांनी नव्वदच्या दशकात कचरा आपल्या हातात घेतला आणि त्यातून एएलएम (पालिकेच्या जोडीने आपल्या गल्लीची देखभाल करणारे रहिवाशांचे गट) सुरू झालं, तेव्हा लोकांना काही पडलेलं नाही हे मला पटत नाही. किती एएलएम नोंदलेत हे मोजू नका, किती अजून महिन्याला भेटतात ते मोजा.

आणि आपल्यापासून सुरुवात करायची तर सोसायटीची एजीएम आहेच. नोटिशीतच छापलेलं असतं की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी होईल आणि तिला कोरमची अट नाही, सगळे त्या अर्ध्या तासानंतरच खाली उतरतात, तेही पार्किंगचा विषय असेल तर. भाडेकरू तर कुठेच मोजले जात नाहीत, दहा दहा वर्षं राहिलेले असतात, मेंटेनन्सचा भार त्यांच्याच भाड्यातून निघतो आणि बोलायचा हक्क नाही.

पण लोक येत नाहीत म्हणून शिव्या घालायच्या आधी वेळ मोजा. भूतानने त्यांच्या सुखाच्या मोजणीत 9 क्षेत्रं धरलीत आणि त्यात एक क्षेत्र वेळेचं आहे, काम किती, झोप किती. विरारहून सकाळची 6.50 पकडून अंधेरीला येणारी बाई रात्री घरी पोचून कुकर लावते, ती कधी येणार तुमच्या सभेला? पालिकेत निम्म्या जागा बायकांना आहेत ते छानच, पण सभेत किती बायका बोलल्या आणि किती जणींच्या वतीने नवरा बोलला हे कोण लिहून ठेवतं? लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकायचा तो लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कामाच्या वेळेत, म्हणजे नोकरीवाल्याने हाफ डे टाकून लोकशाही साजरी करायची.

शेवटचं, भरवसा. 2025 च्या त्याच सुखाच्या रिपोर्टमध्ये हरवलेलं पाकीट परत मिळेल का असा विषय होता, आणि निघालं असं की लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा खूप जास्त पाकिटं परत येतात. आपल्याकडे 1992-93 च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, पोलीस आणि दोन्हीकडची पोरं एका मैदानात क्रिकेट खेळली, तो भरवसा आज किती शिल्लक आहे हे कोणी वॉर्डवार विचारलंय का? शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे रात्री मदत मागाल का, एवढाच प्रश्न.

जनगणना 2011 नंतर झालेली नाही, आता 2027 ची म्हणतात, तिची वाट बघायची गरज नाही. तुमच्या पेपरचे वार्ताहर प्रत्येक वॉर्डात आहेत, कॉलेजची पोरं मिळतील. पाच प्रश्न पुरेत, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती चारही भाषांत छापा, वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा, आणि दुपारी जाऊ नका, दुपारी फक्त पेन्शनर भेटतात, रविवारी सकाळी दहानंतर जा. भाडेकरूचंही उत्तर घ्या. नवीन नगरसेवक बसलेत तोवर पहिला आकडा काढून ठेवलात तर पाच वर्षांनी तुलना करायला काहीतरी हातात राहील. भांडुपमध्ये फिरायला माणसं लागली तर आमच्या बिल्डिंगमधले चौघं तयार आहेत, मी धरून.

आपला,
एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई