वाटाण्याएवढ्या गाठीसाठी एक आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमची रुग्ण साहाय्य समिती एरवी औषधं, रक्त, प्रवासखर्च यांसाठी आपल्याकडे येते. या वेळी मागणी एंडोस्कोपिक सोनोग्राफीच्या यंत्राची आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहाटे उपाशीपोटी एखाद्याला दरदरून घाम फुटतो, तो असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांनाही ओळखत नाही. साखरेचं पाणी पाजलं की काही मिनिटांत माणूस पूर्ववत. असं वारंवार होतं. कुणी फिट म्हणतं, कुणी मनाचा आजार म्हणतं, आणि त्यावरची औषधं वर्षानुवर्षं चालू राहतात. यांतल्या काहींच्या स्वादुपिंडात इन्सुलिनोमा असतो, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिन गरज नसतानाही सोडत राहणारी गाठ. आजार दुर्मीळ आहे, वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होणारा. पण दहापैकी सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. गाठ काढली की बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी शस्त्रक्रिया १९२९ मध्येच यशस्वी करून दाखवली होती.

निदानही तसं हाताशी आहे. रुग्णालयात देखरेखीखाली जास्तीत जास्त ७२ तास उपवास करवतात आणि साखर उतरली की त्याच वेळी रक्तातलं इन्सुलिन व सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्यासोबत सुटणारा घटक) मोजतात. गाठ आहे हे त्यावरून कळतं. कुठे आहे, ते कळत नाही. आमचे सर्जन इथेच अडतात.

बहुतेक गाठी दोन सेंटिमीटरहून लहान असतात. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल दडलेलं. पोटावरून सोनोग्राफी करताना जठरातली आणि आतड्यातली हवा आड येते. सीटी स्कॅनमध्येही लहान गाठ निसटू शकते. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत तोंडावाटे पोटात सोडायच्या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा भाग असतो. तो जठरात नेला की स्वादुपिंडाचा मधला भाग आणि शेपूट, लहान आतड्याच्या सुरुवातीला नेला की डोकं, अगदी भिंतीपलीकडून दिसतं. अंतर कमी, म्हणून जास्त वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरता येतात आणि चित्र बारीक येतं. गाठ बहुधा आजूबाजूपेक्षा काळपट, गोल, स्पष्ट कडेची दिसते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावरची सोनोग्राफी आणि सीटी या दोन्हींत न सापडलेल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या ३९ गाठींपैकी ३२ या पद्धतीने सापडल्या.

सगळ्याच सापडतात असा आमचा दावा नाही. शेपटीकडची गाठ चुकू शकते, आणि तपासणाऱ्याचा हात तयार नसेल तर महागडं यंत्रही आंधळंच. म्हणून निधीचा एक भाग डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवणार आहोत. दुसरा भाग शस्त्रक्रियेच्या वेळी थेट स्वादुपिंडावर टेकवायच्या छोट्या प्रोबसाठी. गाठ आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका यांच्यात किती अंतर आहे, हे त्यातून दिसतं. तेवढ्यावरून नुसती गाठ सोलून काढायची की स्वादुपिंडाचा तुकडाच कापायचा, ते ठरतं.

इतक्या विरळ आजारासाठी एवढा खर्च का, असं समितीच्या बैठकीतही विचारलं गेलं. रास्तच आहे. पण हेच यंत्र पित्तनलिकेतले खडे आणि स्वादुपिंडाचे इतर आजार शोधायलाही रोज लागेल. इन्सुलिनोमाच्या रुग्णांमुळे ही उणीव आम्हाला टोचली, एवढंच.

आपण एकरकमी द्या किंवा दरमहा थोडं, दोन्ही चालेल. पैसे शक्य नसतील तर ७२ तासांच्या उपवासात एकट्या रुग्णाजवळ आळीपाळीने बसायला माणसं हवी आहेत. तो बरळू लागला, घामेजला, की लगेच नर्सला हाक मारायची, इतकंच काम.

देणगी समितीच्या कार्यालयातच द्यावी आणि पावती मागून घ्यावी. घरोघर निधी गोळा करायला आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही.

आपले नम्र,
रुग्ण साहाय्य समितीचे सर्व सदस्य