वाडीतल्या माडांविषयी

पुणे,
दि. 12 सप्टेंबर 2021

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

विहिरीकडच्या माडांची नवी पाने कात्रीने कापल्यासारखी बाहेर येत आहेत आणि म्हणून सगळ्या वाडीवर एकदाच जालीम औषध मारून घ्यायचे ठरले आहे, असे बाबांनी फोनवर सांगितले, तेव्हापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. फवारणीवाल्याला बोलावले असेल, तर बाबा, त्याला कृपा करून थांबवा. आपल्या वाडीत एक नव्हे, चार किडी आहेत. त्या चौघींची राहण्याची जागा वेगळी, खाण्याची रीत वेगळी, आणि वरून मारलेले औषध त्यांतल्या तिघींपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही.

पंख्यासारखी कातरलेली पाने ही गेंड्या भुंग्याची खूण आहे. तो रात्री शेंड्यातल्या न उलगडलेल्या कोंबात शिरून आतला कोवळा गर चावतो, आणि त्याने पाडलेली भोके पान उलगडल्यावर त्रिकोणी कापांसारखी दिसतात. माडाला खातो तो भुंगा. त्याच्या अळ्या मात्र माडावर नसतात, त्या कुजलेल्या शेणखतात आणि कुजलेल्या खोडात वाढतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पडलेल्या आपल्या माडांचे ओंडके अजून मागच्या पाटाजवळ तसेच पडलेले आहेत. आजोबांच्या हातचे ते माड दुसऱ्याला उचलून न्यायला सांगणे तुम्हांला किती जड गेले, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे लिहिताना माझाही हात अडखळतो. पण दोन पावसाळे भिजून मऊ झालेली ती खोडे आज भुंग्यांचे माहेर झाली असणार. एक ओंडका फोडून पाहा. आत अंगठ्याएवढ्या जाड, वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. ते सगळे ओंडके फोडून, अळ्या वेचून, सुकवून जाळणे किंवा वाडीबाहेर घालवणे हा माझ्या मते या वर्षीचा सर्वांत मोठा उपाय आहे.

शेणखताच्या खड्ड्याचेही तेच. खत वरचेवर खालीवर करावे, सापडतील त्या अळ्या मारून टाकाव्यात, आणि मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ओलसर खतात मिसळावी. ती अळीला रोगी करून मारते, आणि गाईगुरांना व माणसांना तिचा त्रास नाही. ती कुठे मिळेल, याची चौकशी श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात करता येईल. शिवाय सप्टेंबर महिना चालू आहे, तेव्हा निंबोळी पेंड पाव किलो आणि तितकीच वाळू एकत्र करून शेंड्याजवळच्या तीन-चार झावळ्यांच्या बेचक्यांत भरून घ्यावी. हेच पुन्हा डिसेंबरात आणि मेमध्ये करायचे. नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला त्याच वेळी तारेची आकडी द्यावी, म्हणजे भोकात बसलेला भुंगा ओढून काढता येईल. बाबा, तुम्ही स्वतः माडावर चढायचे नाही, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गेंड्या भुंग्याच्या मागोमाग जो येतो, त्याची मला जास्त भीती वाटते. सोंड्या भुंगा माडाच्या जखमेत अंडी घालतो, त्याच्या अळ्या खोडाच्या आतच राहून खोड पोखरतात, आणि शेंडा कोलमडेपर्यंत पुष्कळदा काहीच कळत नाही. खोडावर भोक, त्यातून ओघळलेला तांबूस चिकट रस, बाहेर आलेला चावलेला भुसा, आणि कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज, ही त्याची लक्षणे. म्हणून हिरवी झावळी कापताना खोडालगत कापू नये, हातभराहून जास्त देठ ठेवावा, आणि चढण्यासाठी खोडाला खाचा पाडणे आता बंद करावे. गंधाचे सापळे मिळतात, पण गेंड्यासाठी वेगळा गंध आणि सोंड्यासाठी वेगळा. शिवाय सापळा आजूबाजूचेही भुंगे ओढून घेतो, म्हणून लहान माडांपासून तो दूर टांगावा. एकट्या आपल्या वाडीत लावण्यापेक्षा साऱ्या आळीने मिळून लावले, तर त्याचा उपयोग होईल.

आई, तू म्हणालीस की नारळ तपकिरी, भेगाळलेले आणि लहान येतात. ते काम इरिओफाईड कोळ्याचे आहे. हा कोळी भारतात 1998 साली केरळात प्रथम आढळला. तो डोळ्यांना दिसत नाही, बोंडाच्या, म्हणजे कोवळ्या नारळाच्या, टोपीखाली राहून कोवळी साल शोषतो, आणि टोपीच्या कडेला फिकट त्रिकोणी डाग उमटतो, तोच पुढे तपकिरी होऊन तडकतो. असे नारळ टाकून देऊ नकोस. सोडण सोलायला त्रास होईल, पण आतले खोबरे खाण्यास योग्य असते. त्यावर एक लिटर पाण्यात 20 मिली निंबोळी तेल, 20 ग्रॅम वाटलेल्या लसणाचा रस आणि 5 ग्रॅम साबण घालून केलेले मिश्रण कोवळ्या घडांवर, टोपीपाशी नेमके पडेल असे फवारावे. गळलेली बोंडे वेचून जाळावीत, आणि आळ्यात निंबोळी पेंड व पालाश घालण्यात खंड पडू देऊ नये, कारण उपाशी माडाला कोळी अधिक छळतो.

उन्हाळ्यात केळीच्या आणि हळदीच्या पानांवर जी काजळी धरली होती, ती माडाच्या पानांखाली राहणाऱ्या पांढऱ्या माशीच्या, खाली ठिबकलेल्या चिकट द्रवावर वाढणारी बुरशी होती. या माशीच्या पिल्लांना मारणारी एक बारीकशी गांधीलमाशी वाडीत आपोआप येते. जालीम औषधाने आधी तीच मरते, आणि तुम्हांला मी थांबवते आहे ते मुख्यतः याचसाठी. पानांखाली पाण्याचा जोराचा फवारा आणि काजळीवर पातळ पेज मारणे एवढे पुरे आहे.

नवरात्रात मी चार दिवस येते आहे, तेव्हा ओंडके फोडण्याच्या कामाला मीही उभी राहीन. तोवर बाबा, एखाद्या शांत संध्याकाळी विहिरीकडच्या दोन्ही माडांना कान लावून पाहा, आणि आत कुरकुर ऐकू आली, तर त्याच रात्री मला फोन करा.

तुमची,
वैशू