आयडलिंगचा स्क्रू सर्वांत शेवटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पीयूसीची मुदत संपत आली की जुन्या मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी गॅरेजच्या दारात येतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचे दुखणे एकच असते: गाडी उभ्या जागी रेस धरते. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर चालायचे इंजिन १३००-१४०० वर घोंघावते, पहिला गिअर पडताना खर्र होते, आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन चार-दोन गचके देऊन मगच थांबते. मग बॉनेट उघडले जाते आणि पहिल्या मिनिटातच कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लागतो. आमची तक्रार या सवयीबद्दल आहे. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू सर्वांत शेवटी फिरवायचा असतो. तो आधीच फिरवला की मूळ दोषाचा माग पुसला जातो, आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते.

इंजिन उगाच वेग घेत नाही. एक तर त्याला जादा हवा मिळत असते, नाही तर ठिणगी वेळेच्या आधी पडत असते. जादा हवा थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पुरता न मिटल्यामुळे येते, किंवा थ्रॉटल मिटलेला असूनही त्याच्या खालून कुठून तरी शिरते. यातले नेमके काय चालले आहे हे कळायला महागडे यंत्र लागत नाही, आपल्या अंकाचा एक कपटा पुरतो.

दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून इंजिन चांगले तापू द्या आणि बंद करा. चोकची (गार इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) मूठ पूर्ण आत ढकला. एअर क्लीनर काढा. आता वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी आयडलिंगच्या स्क्रूचे टोक आणि थ्रॉटलचा लिव्हर यांच्या फटीत धरून लिव्हर सोडून द्या. पट्टी ओढल्यावर अडकली, तर थ्रॉटल स्क्रूवरच टेकला आहे. पट्टी अलगद निसटली, तर लिव्हर स्क्रूपर्यंत पोचतच नाही. त्याला दुसरेच काही तरी धरून ठेवते आहे, आणि अशा वेळी स्क्रू कितीही मागे घेतला तरी फरक पडणार नाही.

धरून ठेवणारे बहुधा केबलच असते. ॲक्सिलरेटरची केबल लिव्हरपासून सोडवून पाहा. लिव्हर टकदिशी बसला, तर केबल ताणलेली आहे, आत गंजली आहे किंवा पायाखालची मॅट पेडल दाबते आहे. केबलला कार्बोरेटरपाशी ३ ते ५ मिलिमीटर ढिलाई हवी. त्यानंतर चोक. डॅशबोर्डवरची मूठ आत गेली म्हणजे चोक उघडला असे नाही. क्लॅम्पचा स्क्रू ढिला असला की तार आतल्या आत सरकते आणि चोकचा कॅम थ्रॉटलला थोडासा उघडाच ठेवतो. वरून डोकावले तर चोकची पाती अगदी उभी दिसली पाहिजे. सोलेक्स कंपनीच्या काही जुन्या कार्बोरेटरांत अशी पाती नसते, गार इंजिनासाठी बाजूला स्वतंत्र चकती असते. तिचा लिव्हर अर्ध्यावर राहिला की आयडलिंग वाढते आणि सोबत काळा धूर व पेट्रोलचा वासही येतो. एसी असलेल्या गाडीत कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर रेस वाढवणारा डायफ्रॅम असतो, तोही अडकतो.

पट्टी स्क्रूवर अडकली, तर इंजिन सुरू करून स्क्रू पूर्ण मागे घ्या, पण किती फेरे घेतला ते मोजून ठेवा. तरीही इंजिन १२०० वरच राहिले, तर हवा कुठून तरी चोरून येते आहे. ब्रेक बूस्टरची नळी, डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूमची नळी आणि पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी) नळी एकेक करून पकडीने दाबा. जिच्यामुळे रेस उतरेल, ती नळी किंवा तिच्या पलीकडचा भाग दोषी. नळ्यांची टोके नखाने दाबून पाहा, तडकलेले रबर लगेच कळते. मग कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, त्याखालचा जाड बेकेलाइटचा ठोकळा आणि मॅनिफोल्डचा जोड यांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे पाणी ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. याच कामाला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारणारे पुष्कळ दिसतात. तापलेल्या एक्झॉस्टवर तो उद्योग करू नये, गाडी पेटते. डिस्ट्रिब्युटर मात्र पाण्यापासून झाकून ठेवा.

बुडाचे पॅकिंग बदलूनही गळत असेल, तर पृष्ठभागावर सरळ पट्टी धरून उजेड दिसतो का पाहा. नट जोर लावून आवळल्याने फ्लँजचे कान वाकतात, आणि मग पॅकिंग कितीही नवे घाला, ते बसत नाही.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे त्याची पाती फिरवणारा दांडा. वीस-पंचवीस वर्षांत तो बसतो ती भोके लंबगोल होतात. लक्षण ओळखू येण्यासारखे आहे: एकदा रेस देऊन सोडली की इंजिन ९०० वर येते, पुढच्या वेळी ११०० वर अडते, मग १३०० वर. इंजिन चालू असताना स्पिंडलचे टोक बोटाने खाली-वर दाबले आणि आवाज बदलला, तर निदान झाले. असा कार्बोरेटर नुसता धुऊन काही होत नाही. लेथवाल्याकडून भोके रीमर मारून पितळी बुश बसवून घ्यावे लागतात. जोडताना थ्रॉटलची पाती कडेने तिरकी घासलेली असते हे विसरू नये. उलटी बसली की ती मिटतच नाही. तिचे दोन स्क्रू आधी ढिले ठेवायचे, पाती दोन-तीनदा आपटून मधोमध बसू द्यायची, मग स्क्रू आवळायचे. नंतर कार्बोरेटर उजेडाकडे धरा. एका बाजूला चंद्रकोर दिसली, तर पाती पुन्हा सोडा.

ठिणगीचे थोडक्यात. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावा. डिस्ट्रिब्युटर थोडा जरी पुढे फिरला असेल तरी आयडलिंग चढते. वेगाबरोबर ठिणगी आधी आणणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या, की रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेते. कार्बोरेटरचे स्क्रू लावणे त्यानंतर.

आता एक गंमत, जी बऱ्याच गॅरेजांत ध्यानात येत नाही. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे. फोर-स्ट्रोक इंजिनात चार सिलिंडर असले तर दर फेरीला दोन ठिणग्या पडतात, तीन असले तर दीड. टॅकोमीटरचा (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राचा) खटका चार सिलिंडरवर ठेवून मारुती मोजली, तर खऱ्या ९०० ला काटा ६७५ दाखवतो. मिस्त्री बिचारा काटा ९०० वर आणतो आणि इंजिन प्रत्यक्षात १२०० वर जाते. म्हणजे दोष गाडीत नव्हताच! मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजण्याची सोय असेल तर कॉइलच्या निगेटिव्हवर ९०० फेऱ्यांना २२.५ हर्ट्झ यायला हवेत. तिथे काहीशे व्होल्टचे झटके येतात, त्यामुळे साधा स्वस्त मीटर लावू नका.

हे सगळे झाल्यावर मिक्श्चर स्क्रू, म्हणजे आयडलिंगचे पेट्रोल कमी-जास्त करणारा. तो आत हलकेच टेकवा. जोराने आवळला तर सुईला खाच पडते. मग दीड ते दोन फेरे उघडा, इंजिन सर्वांत जास्त वेग घेईल तिथे थांबा, आयडलिंगच्या स्क्रूने वेग ९०० वर आणा आणि हेच पुन्हा एकदा करा. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिन बंद पडत नसेल, तर थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा आहे आणि पेट्रोल थ्रॉटल उघडल्यावर सुरू होणाऱ्या पुढच्या भोकांतून येते आहे. अशा वेळी मागच्या पायऱ्या पुन्हा तपासा.

भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतात. नीट लावलेला कार्बोरेटर यात आरामात बसतो. तरीही मिक्श्चर स्क्रू आत घेऊन पेट्रोल कमी करायचे आणि गाडी बंद पडू नये म्हणून रेस वाढवून ठेवायची, ही युक्ती सर्रास चालते. त्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आधीच सुमारे ७ टक्के पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) झालेले असते, कारण कार्बोरेटरला इंधन बदलले हे कळायची सोय नाही. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही, म्हणून त्या वर्षातून एकदा तरी तपासाव्यात.

मिक्श्चर स्क्रू शेवटी किती फेरे उघडला, ते ऑइल पेंटने बॉनेटच्या आतल्या अंगाला लिहून ठेवा. पुढच्या पीयूसीनंतर आकडा जुळला नाही, तर स्क्रू कुठे फिरला ते विचारावे लागणार नाही.

आपले,
जुन्या गाड्यांचे काही कारागीर, सांगली